एका आठवड्याला एक प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की टिळकवाडीच्या गल्ल्यांत, शहापुरात, वडगावात, अनगोळात घरांसमोर मातीचे ढीग पडतात आणि बघता बघता त्यांचे किल्ले होतात. बेळगावात हा खेळ नुसता लहान पोरांचा राहत नाही, कॉलेजातली मुलं आणि गल्लीतली मंडळंही त्यात उतरतात. त्या सात-आठ दिवसांत दुसरी-तिसरीतलं मूल बुरूज, तट, माची, खंदक, बालेकिल्ला हे शब्द सराईतासारखे वापरू लागतं. धाकट्या भावाने चोरदरवाजा मुख्य दरवाजाच्या शेजारी काढला, तर तो तिथे का चालणार नाही हेही सांगतं. हेच मूल पुस्तकातला किल्ल्यांचा धडा परीक्षेनंतर पंधरा दिवसांत विसरलेलं असतं. मूल तेच, विषयही तोच. मग फरक कशाने पडतो?

‘मजा आली म्हणून लक्षात राहिलं’ हे उत्तर चटकन सुचतं, पण ते अपुरं आहे. मजा जत्रेतल्या पाळण्यातही येते आणि पाळण्यातून उतरल्यावर मूल काही शिकलेलं नसतं. मजेमुळे ते मातीपाशी आठ दिवस टिकलं, एवढं श्रेय तिला देता येईल. लक्षात राहण्याचं कारण वेगळं आहे. रोज तेच शब्द पुन्हा समोर आले आणि दर वेळी वेगळ्या गरजेपोटी आले. कालच्या कामावर आजचं काम रचलं गेलं. आणि सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक अडचण होती, किल्ला उभा कसा राहील आणि शत्रू आत कसा येणार नाही. शाळेच्या धड्याला यातलं काहीच मिळत नाही. घरी मुलांचं शिकणं आठवड्याच्या सूत्राभोवती आखावं, म्हणजे या आठवड्यात पाणी, पुढच्या आठवड्यात बाजार, ही कल्पना आता बऱ्याच पालकांपर्यंत पोचली आहे. ती बालशिक्षणाच्या सरकारी आराखड्यांतही आहे. २०२१ मध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी बारा आठवड्यांचा ‘विद्याप्रवेश’ आला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सूत्राधारित पद्धतीला जागा दिली. कल्पना चांगली आहे, पण ती का चालते हे समजून न घेता उचलली तर तिचा रंगीत कागदांचा कार्यक्रम होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की आठवड्याला नुसता विषय पुरत नाही, प्रश्न लागतो. शाळा सोडून घरीच शिकवण्याबद्दल मी बोलत नाही. शाळा चालू असताना घरी जो अर्धा-पाऊण तास मिळतो, त्याच्याबद्दल हे आहे.

आधी विरजण

दूध कितीही सकस असलं तरी विरजणाशिवाय त्याचं दही होत नाही, आणि विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवत राहिलं तरीही होत नाही. नव्या माहितीचं असंच आहे. ती धरून ठेवायला आधीची थोडी माहिती लागते, आणि मग काही काळ त्याच विषयापाशी थांबावं लागतं. याचं कारण मनाच्या रचनेत आहे. एका वेळी आपण मनात चार-पाच सुट्या गोष्टीच पेलू शकतो. ज्या मुलाला धरण, कालवा, जलाशय हे तिन्ही शब्द नवे आहेत, त्याची ही सगळी जागा शब्दांतच संपते आणि वाक्याच्या अर्थाला ती उरत नाही. ज्याला धरण ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने कालवा ही धरणाला जोडलेली एकच नवी वस्तू असते.

यावर झालेला एक प्रयोग आपल्याला पटकन कळेल, कारण तो खेळाबद्दल आहे. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. त्यातली काही वाचनात हुशार होती, काही कच्ची, आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी अशी मुलं होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ सरस ठरली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवलं तर यात आश्चर्य वाटायला नको. पण एरवी आपण ‘याचं वाचन कच्चं आहे’ म्हणून मुलाला आणखी उतारे वाचायला देतो, त्या उताऱ्यांच्या विषयाबद्दल त्याला काय ठाऊक आहे हे विचारत नाही. त्याआधी, १९७८ मध्ये, मिशेलीन ची या संशोधिकेने बुद्धिबळ खेळणारी दहा वर्षांच्या आसपासची मुलं आणि खेळात नवखी मोठी माणसं यांची तुलना केली होती. आकड्यांच्या ओळी लक्षात ठेवण्यात मोठी माणसं पुढे होती, तर पटावरच्या सोंगट्या लक्षात ठेवण्यात मुलं. तेव्हा ‘याची स्मरणशक्तीच कमी आहे’ हा घराघरांतला निकाल जरा जपून द्यायला हवा.

आता प्रश्न उरतो की ही आधीची माहिती येणार कुठून. ती विषयापाशी थांबल्याने येते. जीना सर्वेटी या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चौथीच्या मुलांच्या एका गटाला पक्ष्यांबद्दलचेच अनेक उतारे ओळीने वाचायला दिले आणि दुसऱ्या गटाला एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांवरचे. नंतर दोन्ही गटांना पक्ष्यांवरचाच एक नवा उतारा दिला. एकाच विषयाशी राहिलेल्या मुलांना शब्द अधिक आले आणि नवा उतारा त्यांनी अधिक चांगला सांगितला. वाचन दोन्ही गटांनी केलं, फरक होता तो एकाच विषयापाशी थांबण्याचा. शाळेच्या वेळापत्रकात मात्र मुलाला पहिल्या तासाला नदी, दुसऱ्याला ससा-कासव, तिसऱ्याला अपूर्णांक आणि चौथ्याला अंतराळवीर भेटतो. दर तासाला भांडं हलतं. शाळेचा यात फारसा दोष नाही, एका शिक्षकाला चाळीस मुलं आणि ठरलेली पुस्तकं सांभाळायची असतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास कुटुंब आणि मित्र, अन्न, निवारा, पाणी, प्रवास आणि आपण करतो-बनवतो त्या वस्तू अशा सहा सूत्रांत बांधला गेला तो हाच तुटकपणा कमी करण्यासाठी. घरावर तर वेळापत्रकाचं बंधनच नाही, मग तिथे भांडं स्थिर का ठेवू नये?

आठवडाच का?

महिना का नाही, एक दिवस का नाही? एका दिवसात गोष्ट पुन्हा भेटत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं आपण पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून शेकडो प्रयोगांत एक गोष्ट टिकून राहिली आहे, की तेवढाच वेळ एका बैठकीत घालवण्यापेक्षा तो मधे अंतर ठेवून वाटला तर अधिक लक्षात राहतं. सोमवारी कळलेला शब्द बुधवारी थोडा निसटतो, तेव्हा तो आठवायला जरा ताण द्यावा लागतो आणि त्या ताणानेच तो पक्का होतो. महिनाभर एकच सूत्र ठेवलं तर लहान मुलाचा धीर सुटतो, आणि खरं सांगायचं तर आईबापांचा त्याहून आधी सुटतो. आठवडा हे काही निसर्गाचं माप नव्हे, पण आपलं बाजाराचं, सुट्टीचं, उपासाचं सगळं गणित त्यावर बसलेलं आहे. टिळकवाडीत तर सोमवारपासून शुक्रवारपर्यंतच्या वारांच्या पेठाच आहेत, तिथल्या मुलाला वार पाठ करायला घराबाहेर पाटी वाचली तरी पुरे.

ताणाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण घरी नेमकं हेच राहून जातं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणून शनिवारी रात्री जेवताना ‘या आठवड्यात काय काय कळलं, आजीला सांग’ हे पाच मिनिटांचं सांगणं सगळ्या तक्त्यांपेक्षा आणि चिकटकामापेक्षा मोलाचं आहे. त्याहून मोलाचा पुढच्या आठवड्यातला एखादा प्रश्न, जो मागच्या आठवड्याकडे अवचित बोट दाखवतो. सूत्र संपलं म्हणजे त्याची फाईल बंद झाली, असं मानणाऱ्या घरात बारा आठवड्यांत बारा गोष्टी विसरल्या जातात.

विषय वेगळा, प्रश्न वेगळा

या पद्धतीवर सर्वांत जड आक्षेप असा, की ती शिकणं उथळ करते. आक्षेप खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडन अहवालानंतर प्राथमिक शाळांत सूत्रांभोवती शिकवण्याचं वारं जोरात होतं. १९९२ मध्ये अलेक्झांडर, रोझ आणि वुडहेड या तिघांनी लिहिलेल्या अहवालाने त्यावर सडकून टीका केली. सूत्राच्या नावाखाली तुकड्या-तुकड्यांचं, वरवरचं काम चालतं, असा त्यांचा रोख होता. ‘पाणी’ हे सूत्र घेतलं की पाण्याचं गाणं, थेंबाचं चित्र, पाण्यावरची म्हण, पाण्याच्या बाटल्यांची बेरीज असं सगळं जमा होतं आणि पाण्याबद्दल मुलाला काहीच नवं कळत नाही. डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाने दिलेलं एक उदाहरण या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगं आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या पलायनाचा धडा शिकवताना मुलांकडून बिस्किटं करून घेतली, कारण पळून जाणारे लोक बिस्किटं खात. मुलांचं जवळजवळ सगळं लक्ष पीठ-दूध मोजण्यात गेलं, पलायनाकडे क्षणभर. ज्याचा विचार केला तेच लक्षात राहतं, हा त्याचा मुद्दा.

आपल्याकडेही हा अनुभव घेऊन झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. हस्तोद्योग, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज या तीन केंद्रांभोवती सगळे विषय गुंफायचे, या गुंफणीला समवाय म्हणत. कल्पना भक्कम होती. पण पुष्कळ ठिकाणी समवाय ओढूनताणून केला गेला. सूत कातता कातता सूर्यमालेपर्यंत पोचायचं म्हणजे शिक्षकाला शब्दांच्या कोलांट्या माराव्या लागत. याच काळात तारा मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये काढलेल्या नूतन बाल शिक्षण संघाचं काम पुढे गेलं. ताराबाई १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांत रमल्या. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे अशी आसपास फुकट मिळणारी साधनं त्यांनी वापरली. वस्तू आधी हातात यायची, तिचं नाव आणि तिची मोजणी तिच्या मागून येत. दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की फरक दिसतो. विषय मुलाच्या पुढ्यातल्या वस्तूतून निघाला तर गुंफण आपोआप होते, कागदावरच्या शब्दातून काढला तर ती करावी लागते.

म्हणून ‘पाणी’ किंवा ‘किल्ला’ या शब्दावर थांबू नये. बेळगावच्या मुलासाठी किल्ल्याचा प्रश्न असा विचारता येईल, की शहरातल्या किल्ल्याला खंदक आहे, मग येळ्ळूरच्या राजहंसगडाला डोंगराचा कडा का पुरतो? उत्तर शोधताना भुईकोट आणि गिरिदुर्ग, उतार, दगड, पाणीसाठा, तोफेचा पल्ला असं सगळं त्या एका प्रश्नाच्या ओढीने येतं. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हेही प्रश्नच ठरवतो. किल्ल्याचं गाणं त्यात बसत नसेल तर ते नुसतं गावं. त्यासाठी सूत्राची गरज नाही.

नळाचं पाणी कुठे जातं

एक आठवडा सविस्तर घेऊ. टिळकवाडीतल्या घरात नळाला पाणी येतं. शहराला ते मुख्यतः मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून मिळतं. इथून पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर समुद्र आहे. मग मार्कंडेयचं पाणी त्याच समुद्रात जात असेल? नाही. ती पूर्वेला वाहते, गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला. आठवड्याचा प्रश्न असा, की समुद्र इतका जवळ असताना नदी एवढी लांबची वाट का धरते?

सोमवारी फक्त प्रश्न टाकावा आणि मुलाला अंदाज करू द्यावा. अंदाज चुकीचा असला तरी बिघडत नाही, उलट चुकीच्या अंदाजानंतर मिळालेलं उत्तर अधिक पक्कं बसतं. दुसऱ्या दिवशी नकाशा. मुलाने बोटाने मार्कंडेयपासून समुद्रापर्यंत जावं आणि वाटेतल्या तीन-चार गावांची नावं वाचावीत, तेवढं वाचन त्या दिवशी पुरे. तिसऱ्या दिवशी पसरट ताटात माती थापून एका कडेला उंच कणा करावा, कण्याची एक बाजू कड्यासारखी तुटलेली आणि दुसरी लांब, मंद उतरती. कण्याच्या दोन्ही अंगांना वाटीने हळू पाणी सोडलं की सह्याद्रीचं सगळं गुपित ताटात दिसतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, पण कण्याच्या पूर्वेच्या उतारावर आहे. कण्याच्या जरासं अलीकडे पडलेला थेंब पूर्वेला जातो, पलीकडे पडलेला पश्चिमेला. हे खानापूर तालुक्यात प्रत्यक्ष घडतं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे निघते, आणि त्याच तालुक्याच्या जंगलातली म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. चौथ्या दिवशी याच कण्यामुळे पाऊस कसा अडतो ते बघता येतं. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे सहाशेच्या आतबाहेर. समुद्रावरून आलेले ढग घाटावर चढताना थंड होतात, तिथेच रिते होतात आणि पुढे कोरडी हवा जाते. तिसरी-चौथीच्या मुलाला हे समजतं, कारण कणा त्याने कालच स्वतःच्या हाताने केलेला असतो.

पाचव्या दिवशी घराजवळच्या काँग्रेस विहिरीपाशी जावं. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. बाहेरगावच्या हजारो माणसांच्या पाण्याची सोय म्हणून ही विहीर खोदली गेली. शेजारच्या वीरसौधात अधिवेशनाच्या आठवणी जपल्या आहेत. इतिहास इथे पाण्याच्या प्रश्नातूनच येतो. एवढी माणसं आली तर रोज किती पाणी लागेल? घरातल्या बादलीत किती लिटर मावतं ते आधी मोजावं, मग एका माणसाचं, मग हजारांचं. हे गणित चिकटवलेलं नाही, विहीर खोदणाऱ्यांनाही ते मांडावं लागलंच असणार.

> चौकट : हा आठवडा थोडक्यात
> प्रश्न : समुद्र जवळ असताना आपल्या नळाची नदी लांबच्या समुद्राकडे का जाते?
> शब्द : उगम, उतार, जलाशय, पाणलोट, घाट, संगम. सहा पुरेत, पण रोज यावेत.
> हाताला काम : ताटातला सह्याद्री.
> मोजणी : बादली, माणूस, हजार माणसं.
> शनिवारी : नकाशा मिटून नदीची वाट तोंडी सांगणे.
> दोन-तीन आठवड्यांनी : ‘म्हादई आणि मलप्रभा एकाच तालुक्यातल्या, मग त्या भेटतात कुठे?’ (भेटत नाहीत. हे मुलाने सांगावं.)

काय बाहेर ठेवावं

सगळं शिकणं सूत्रात कोंबण्याचा मोह होतो, तो आवरावा. अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरं, पाढे, बेरीज-वजाबाकीचा सराव या गोष्टींना त्यांचा स्वतःचा क्रम असतो. पाण्याच्या आठवड्यात ‘प’ आणि बाजाराच्या आठवड्यात ‘ब’ शिकवायचा, तर सूत्र बदलेल तशी अक्षरं इकडेतिकडे पळतील. रोजची दहा-पंधरा मिनिटं या सरावाला वेगळी द्यावीत आणि तिथे सूत्राचं नावही घेऊ नये. गणित सूत्रात यावं ते वापरायला, शिकायला नव्हे. गुणाकार येत असेल तरच विहिरीच्या पाण्याचा हिशेब मजेचा होतो.

भिंतींचंही तसंच. सूत्र म्हटलं की तक्ते, तोरणं, रंगीत कागदाचे थेंब लटकवण्याची हौस सुटते. फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या मुलांना एकदा सजवलेल्या आणि एकदा साध्या वर्गात शिकवलं. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष अधिक उडालं आणि ती कमी शिकली. घरात एक नकाशा आणि मुलाने स्वतः काढलेलं एक चित्र भिंतीवर असलं की झालं. आईने रात्री जागून कापलेले थेंब आईच्याच लक्षात राहतात.

तीन भाषांच्या घरात

सीमाभागातल्या पालकांना पडणारा एक प्रश्न पुण्या-मुंबईच्या पालकांना सहसा पडत नाही. मूल इंग्रजी माध्यमात, शाळेत कन्नड सक्तीची, घरात मराठी. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने सगळ्याच शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक झालं. मग घरी हे सगळं मराठीत करून मुलाचा शाळेत काय फायदा, उलट गोंधळच नाही का वाढणार? उत्तर याच लेखातल्या पहिल्या मुद्द्यात आहे. नव्या शब्दाला धरून ठेवतं ते त्यामागचं ज्ञान, आणि ज्ञानाला भाषेची भिंत नसते. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडत आले, की पहिल्या भाषेत घट्ट झालेली समज दुसऱ्या भाषेत नव्याने उभारावी लागत नाही, फक्त शब्द नवे लागतात. ज्याने ताटात सह्याद्री थापला आहे, त्याला इंग्रजी पुस्तकातलं पाणलोटाचं पान वाचताना फक्त शब्द अडतो. ज्याने काहीच थापलेलं नाही, त्याला शब्द आणि कल्पना एकदम अडतात, तेही परक्या भाषेत.

कन्नडला तर हा आठवडा थेट मदत करतो. सहा शब्दांच्या यादीशेजारी त्यांची कन्नड जोडी लिहावी आणि ती शेजारच्या काकूंना किंवा दुकानदारांना विचारून आणायचं काम मुलाला द्यावं. धरणाला अणेकट्टु म्हणतात हे शब्दसूचीतून पाठ करणं कंटाळवाणं असतं, पण हिडकलच्या पाण्याबद्दल बोलताना तो शब्द कामाचा होतो. भाषेचा वाद मोठी माणसं घालत राहतील. मुलाला चार ठिकाणी उपयोगी पडणारा शब्द मिळाला तर त्याचं काही बिघडत नाही.

वेळ कुणाला आहे?

आईवडील दोघंही नोकरीला, संध्याकाळी क्लास, त्यात हे नवं लोढणं कुणी ओढायचं? वर सांगितलेल्या पाण्याच्या आठवड्यात ताटाचा दिवस आणि विहिरीचा दिवस सोडला तर रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त काही नाही. तयारी म्हणजे रविवारी एक प्रश्न आणि सहा शब्द ठरवणं. वेळ खातात ते तक्ते आणि साहित्याची खरेदी, आणि त्यांच्याशिवाय चालतं हे वर आलंच आहे. आजी-आजोबा घरात असतील तर निम्मं काम त्यांच्याकडे जाऊ द्यावं. पूर्वीची विहीर, पूर्वीचा पाऊस, पूर्वीचा बाजार हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असतं.

यातूनच दुसरा, अधिक टोकदार आक्षेप निघतो, की हे टिळकवाडीतल्या शिकलेल्या घरांचे चोचले आहेत. निपाणीत जिथे बायका दिवसभर बिड्या वळतात, त्या घरात कुठलं सूत्र आणि कुठला आठवडा? पण प्रश्नांची श्रीमंती पैशाबरोबर येत नाही. बिडी पंचवीसच्या कट्ट्यांत बांधली जाते आणि मजुरी हजाराच्या हिशेबाने ठरते. चाळीस कट्ट्यांचे हजार, एक कट्टा कमी भरला तर किती, नापास बिड्या काढून टाकल्या तर मजुरीत किती फरक, हे गणित त्या घरातल्या मुलीला शाळेतल्या गणितापेक्षा आधी भेटलेलं असतं. शाळेने किंवा एखाद्या ताईने त्याला प्रश्नाचं रूप दिलं की पुरे. बिडी तेंदूच्या पानात वळतात. ते पान विदर्भ, मध्य प्रदेशाच्या जंगलांतून येतं, तंबाखू निपाणीच्या आसपासच्या रानांतला. मग बिडी इथेच का वळली जाते? इथे नकाशा येतो, पीक येतं, व्यापार येतो, स्वस्तात राबणाऱ्या हातांची गोष्ट येते आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलनही येतं, ज्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. मुलांनी बिड्या मोजाव्यात, वळू नयेत, एवढी अट मात्र पक्की असावी. घरकाम आणि अभ्यास यांची गुंफण म्हणता म्हणता मुलाच्या हाती बिड्यांचं सूप देण्याची चूक आपल्याकडे पूर्वी झालेली आहे.

आणि मूल ठरलेल्या प्रश्नात रमलंच नाही तर? नदीच्या आठवड्यात ते मंगळवारीच बेडकांकडे वळलं तर? माझ्या मते दोन दिवस वाट पाहावी. पहिल्या दिवशीचा कंटाळा बरेचदा विषय नवा असल्याचा असतो आणि थोडी माहिती झाली की तो निघून जातो, कारण ज्या गोष्टीबद्दल काहीच ठाऊक नाही तिच्याबद्दल कुतूहलही नसतं. दोन दिवसांनंतरही बेडूकच हवा असेल तर बेडकाचा प्रश्न करावा. पावसाळ्यात ओरडणारे बेडूक उन्हाळ्यात जातात कुठे, हा नदीइतकाच चांगला आठवडा आहे आणि तोही शेवटी पाण्यापाशीच येतो. अर्धा राहिलेला नदीचा प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि जूनमध्ये, नाले भरून वाहू लागले की, पुन्हा काढावा. परीक्षेच्या आणि गणपतीच्या आठवड्यांत काहीच आखू नये. दिवाळीचा आठवडा तर मुलांनी आधीच आखलेला असतो.